चुकीची फाइल परत पाठवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शेतकऱ्याची माहिती सगळ्या खात्यांनी, बँकांनी आणि विमा कंपन्यांनी एकाच नमुन्यात मागावी, अशी मागणी खान्देशात दर हंगामाला होते. केळीचा विमा, कापसाची नोंदणी, अतिवृष्टीचे अनुदान, प्रत्येक वेळी तीच नावे, तेच गट क्रमांक आणि तेच खाते क्रमांक नव्याने भरायचे म्हटल्यावर माणूस वैतागणारच. मागणी रास्त आहे. मात्र हे एका परिपत्रकाचे काम आहे असा जो समज दिसतो, तो बरोबर नाही. संगणकाच्या जगात याच प्रश्नावर पन्नासेक वर्षे घोळ चालू आहे. तो का सुटत नाही आणि आपल्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांपुरता किती सुटू शकतो, हे थोडे तपशिलात लिहीत आहोत.

जळगावातल्या एखाद्या डाळ मिलचे हिशेब घ्या. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिले आत-बाहेर जातात ती एक्सएमएलमध्ये, म्हणजे माहितीभोवती खुणा (टॅग) घालून. जीएसटीच्या पोर्टलवर चढते ती जेसन या दुसऱ्या मांडणीची फाइल. टीडीएसचे (उगमातच कापलेल्या कराचे) विवरणपत्र म्हणजे साध्या मजकुराची फाइल, तिच्यात दोन रकान्यांच्या मध्ये ^ हे चिन्ह असते. बँकेचा उतारा सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेल्या साध्या फाइलीत, किंवा एक्सेलमध्ये. प्राप्तिकराचे विवरणपत्र पूर्वी एक्सएमएलमध्ये जायचे, २०२१ पासून जेसनमध्ये जाते. नुसती तारीख बघितली तरी पुरे: ५ जुलै २०२५ ही जीएसटीच्या फाइलमध्ये ०५-०७-२०२५ अशी, टीडीएसच्या फाइलमध्ये ०५०७२०२५ अशी आणि टॅलीत २०२५०७०५ अशी. तिन्ही आपापल्या घरी बरोबर. तिन्हींच्या मागे वर्षानुवर्षांचा साठा आणि तो वाचणारी सॉफ्टवेअर आहेत. यांतल्या कोणी दुसऱ्याची पद्धत घ्यायची ठरवली तर बदलाचा खर्च त्याच्या माथी आणि सोय दुसऱ्याची. मग कोण हलणार?

शिवाय नियम आधी ठरले आणि वापर नंतर सुरू झाला, असे या क्षेत्रात क्वचितच घडले आहे. स्वल्पविरामाने वेगळी केलेली माहिती आयबीएमच्या फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेत १९७२ पासून वाचता येत होती. सीएसव्हीचे नियम सांगणारा आरएफसी ४१८० हा दस्तऐवज आला ऑक्टोबर २००५ मध्ये. म्हणजे तेहतीस वर्षांनी, वरातीमागून घोडे. तोही बंधनकारक नाही; बहुतेक सॉफ्टवेअर काय करतात याची ती नोंद आहे. ओळीच्या शेवटी कोणती चिन्हे हवीत, मजकुरात स्वल्पविराम असेल तर तो रकाना दुहेरी अवतरणात कसा घालायचा, अवतरणातच अवतरण आले तर ते दोनदा कसे लिहायचे, एवढे तो सांगतो. तोवर जगभर निरनिराळ्या रीती रुजल्या होत्या. काही सॉफ्टवेअर अवतरणाआधी तिरकी रेघ घालतात. एक्सेल तर विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगप्रमाणे विभाजक बदलते. जर्मनीत दशांशाला स्वल्पविराम वापरतात, म्हणून तिथले एक्सेल सीएसव्हीत अर्धविराम घालते. नाव तेच, फाइल वेगळी.

आपल्याकडे यात आणखी भर पडते. 'मु. पो. सावदा, ता. रावेर, जि. जळगाव' हा पत्ता अवतरणाशिवाय लिहिला की एका रकान्याचे तीन होतात आणि पुढचा खाते क्रमांक दोन घरे उजवीकडे सरकतो. '१,००,०००' अशी रक्कम लिहिली तरी तेच. एखाद्याने पत्त्याच्या चौकटीत ऑल्ट-एंटर दाबून दुसरी ओळ केली असेल तर साधा प्रोग्राम तिथे नवा शेतकरी सुरू झाला असे समजतो.

याहून वाईट चूक म्हणजे जी दिसतच नाही. गट क्रमांक १२/३ असलेली सीएसव्ही डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की ती १२ मार्च होते, अमेरिकन सेटिंग असेल तर ३ डिसेंबर. कोणी 'हे काय' म्हणून त्या रकान्याचे स्वरूप मजकूर असे बदलले, तर तिथे ४५७२८ सारखा आकडा उमटतो. १२ मार्च २०२५ हा एक्सेलच्या लेखी तेवढ्यावा दिवस आहे. मूळ १२/३ तोवर हरवलेला असतो. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये गळतात. पंधरापेक्षा जास्त अंक असले तर सोळाव्यापासून पुढचे अंक शून्य होतात, कारण एक्सेल पंधराच अंक जपते. असे बदललेले खाते दुसऱ्याच कोणाचे असू शकते. हा रोग आपल्यापुरता नाही. मानवी जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीला, एक्सेल त्यांच्या तारखा करते म्हणून, काही जनुकांची नावेच बदलावी लागली. २०२० मध्ये तिने तसा नियमही प्रसिद्ध केला. सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा जनुकांचे नाव बदलणे सोपे गेले, यातच सगळे आले.

लिपीचेही थोडे सांगायला हवे. एक्सेलमधून नुसती 'सीएसव्ही' म्हणून फाइल साठवली तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे बसतात आणि ती परत अक्षरे होत नाहीत. 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा वेगळा पर्याय निवडावा लागतो; यूटीएफ-८ ही सगळ्या लिपींची अक्षरे साठवायची रीत आहे. त्यात फाइलच्या आरंभी तीन बाइटची एक अदृश्य खूण बसते. ती नसेल तर डबल-क्लिकने उघडताना मराठीऐवजी टोपीवाली रोमन अक्षरे दिसतात. ती असेल तर काही प्रोग्राम तिला पहिल्या शीर्षकाचाच भाग समजतात आणि 'गाव' नावाचा रकाना सापडत नाही म्हणून थांबतात. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फाँटमधल्या याद्यांची गोष्ट आणखी निराळी. त्यांत आत रोमन संकेत असतात आणि सीएसव्हीबरोबर फाँट जात नाही, म्हणून उरतो तो नुसता गिचमिडा.

सगळे युनिकोड या सर्व लिपींच्या सामाईक संकेतांत असले तरी 'बऱ्हाणपूर' हा शब्द दोन रीतींनी टंकता येतो. एका रीतीत नुक्ताधारी ऱ आणि हलन्त, दुसरीत साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाला ते दोन वेगळे शब्द, आणि युनिकोडचे सामान्यीकरण, म्हणजे निरनिराळ्या रीतींनी टंकलेले एकाच रूपात आणण्याची प्रक्रिया, चालवले तरी ते एक होत नाहीत. बऱ्हाटे आडनावाच्या केळी उत्पादकाचे नाव एका यादीत सापडते आणि दुसऱ्या यादीत सापडत नाही, त्याचे हे एक कारण. खेरीज 'बर्हाणपूर' असे साफ चुकीचे लिहिणारे आहेतच.

'मग सीएसव्ही सोडा आणि नीट व्याकरण असलेले काही घ्या' असे अभियंते सांगतात. तिथेही एकमत नाही. एक्सएमएल १९९८ चे, आणि त्याच्या खुणा देवनागरीतही लिहिता येतात. पण गावाचे नाव खुणेच्या आत गुणधर्म म्हणून लिहायचे की स्वतंत्र खूण करायची, हे त्यात मोकळे ठेवले आहे. दोन अभियंत्यांचे तिथेच वाजते. डग्लस क्रॉकफर्ड यांच्या जेसनचे व्याकरण एका पानात मावते, म्हणूनच ते पसरले. तरी त्याचे दोन संस्थांनी दोन दस्तऐवज काढले, एक २०१३ चा आणि दुसरा २०१४ चा, आणि एकमेकांना धरून राहण्याचे ठरले ते २०१७ मध्ये. एकाच नोंदीत 'खाते' हे नाव दोनदा आले तर काय करायचे? नावे वेगळी असावीत एवढेच मानक सुचवते. बहुतेक प्रोग्राम शेवटचे घेतात, काही पहिले घेतात, काही फाइल नाकारतात. तारखेचा प्रकार जेसनमध्ये नाहीच. टिपणेही नाहीत, लोक टिपणांत प्रोग्रामसाठी सूचना लिहू लागले म्हणून क्रॉकफर्ड यांनी ती काढून टाकली. देवनागरी अंक अवतरणाबाहेर चालत नाहीत, आणि ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढचा पूर्णांक अवतरणाशिवाय लिहिला तर अनेक प्रोग्राममध्ये तो जवळच्या दुसऱ्याच आकड्यावर जाऊ शकतो.

यॅमल हे याच जातीचे आणखी एक, माणसाला वाचायला सर्वांत सोपे. त्याच्या १.१ आवृत्तीत लिलावाची वेळ १०:३० अशी लिहिली की ती साठच्या पटीत मोजून ६३० होते, आणि नॉर्वे देशाचा 'एनओ' हा संकेत 'नाही' ठरतो. २००९ च्या १.२ आवृत्तीत हे काढले, पण अनेक प्रोग्राम अजून १.१ प्रमाणेच वाचतात. सोपे दिसावे म्हणून अवतरणे गाळली की अर्थाचा अंदाज यंत्राला करावा लागतो. तो अंदाज कधी ना कधी चुकतोच.

वर सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक बिघाडात एक गोष्ट समान आहे: वाचणाऱ्याने चुकीची किंवा संदिग्ध फाइल मुकाट्याने चालवून घेतली. इंटरनेटच्या बांधणीतले जॉन पोस्टेल यांनी १९८० मध्ये एक तत्त्व लिहून ठेवले: पाठवताना काटेकोर राहा, घेताना उदार राहा. नेटवर्क उभे राहायला ते उपयोगी पडले. नव्वदच्या दशकातल्या ब्राउझरांनी उदारपणाची शर्थ केली. न मिटलेल्या खुणांची पानेही ती दाखवत, मात्र प्रत्येक ब्राउझर आपल्या मताने दुरुस्ती करी. एक्सएमएलने उलटे टोक गाठले. एक खूण मिटायची राहिली तरी पुढे वाचायचे नाही, चूक सांगून थांबायचे. वेबवर हा कडकपणा चालला नाही. त्याच वाटेवरचे एक्सएचटीएमएल २ हे वेबपानांच्या मानकाचे काम २००९ मध्ये सोडून देण्यात आले. २०१४ च्या एचटीएमएल ५ मानकाने तिसरी वाट काढली: बिघडलेले पान कसे वाचायचे तेही पायरी-पायरीने लिहून टाकले, म्हणजे सगळे ब्राउझर एकाच रीतीने वाचतील.

थोडक्यात, चूक परत पाठवणे किंवा तिची दुरुस्ती कशी करायची ते लिहून ठेवणे, या दोन वाटा प्रामाणिक आहेत. आपल्या बहुतेक कार्यालयांत तिसरीच चालते. संध्याकाळी सहाला ऑपरेटर फाइल उघडतो, त्याला पटेल तसे नीट करतो आणि पुढे ढकलतो. त्याचा दोष नाही, कारण परत पाठवायची सोयच त्याला दिलेली नसते. पण मूळ यादी पाठवणाऱ्याला आपण काय चुकलो ते कळत नाही, आणि पुढच्या हंगामात तीच चूक पुन्हा येते.

वेबपान थोडे वेडेवाकडे दिसले तर कोणाचे बिघडत नाही. ज्या फाइलवर पैसे वाटायचे आहेत तिथे आमचे मत स्पष्ट आहे: परत पाठवा. टीडीएसमध्ये हे केव्हापासून रूढ आहे. फाइल आधी तपासणीच्या प्रोग्राममधून न्यावी लागते, तो ओळ क्रमांकासह चुका सांगतो, चूक असेल तर फाइल पुढे जातच नाही. धुळ्या-जळगावचे कर सल्लागार ते रोज करतात आणि त्याबद्दल त्यांची कुरकुरही नाही, कारण नियम आधी हातात असतो.

यावर आक्षेप येईल की एका चुकीपायी दोन हजार शेतकऱ्यांचे अनुदान अडेल. म्हणून दोन प्रकार वेगळे ठेवावेत. रकान्यांची संख्या प्रत्येक ओळीत सारखी नसेल, अवतरण उघडून मिटले नसेल किंवा लिपीचे संकेत बिघडले असतील, तर पूर्ण फाइल परत. कारण तेव्हा कुठल्याच ओळीवर भरवसा ठेवता येत नाही. फाइलचा सांगाडा नीट असून एखाद्या ओळीतला आयएफएससी कोड अकराऐवजी दहा अक्षरांचा असेल, किंवा त्याचे पाचवे अक्षर शून्याऐवजी 'ओ' असेल, तर तेवढीच ओळ परत, तिच्या मूळ अनुक्रमांकासह आणि कारणासह. स्वीकारलेल्या आणि परत केलेल्या ओळींची बेरीज पाठवलेल्या ओळींइतकी आली पाहिजे. ही बेरीज जुळवली नाही तर परत केलेली ओळ सगळ्यांच्याच विस्मरणात जाते. आणि हे सगळे फाइल आली त्याच दिवशी व्हायला हवे, मुदत संपल्यावर नव्हे.

आता नमुना कोणता? आमची आवड विचाराल तर टॅबने वेगळी केलेली फाइल. पत्त्यात टॅब कोणी टंकत नाही, चौकटीत ते दाबले की पुढची चौकट येते. पण एक्सेलमधून टॅबची यूटीएफ-८ फाइल सरळ निघत नाही. 'युनिकोड टेक्स्ट' निवडले तर यूटीएफ-१६ मिळते. तालुक्याच्या गावी सगळ्यांकडे असलेले साधन जे देते तेच चालणार. तेव्हा 'सीएसव्ही यूटीएफ-८', सुरुवातीच्या त्या तीन बाइटच्या खुणेसह. शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू द्या. वाचणाऱ्या प्रोग्रामने ती खूण ओळखावी, एवढे एका ओळीत लिहिले की झाले.

तारीख वर्ष-महिना-दिवस, म्हणजे २०२५-०७-०५. आयएसओ ८६०१ हे मानक १९८८ चे आहे आणि ही मांडणी कोणी उलटी वाचत नाही. मात्र अशी फाइल एक्सेलमध्ये उघडून पुन्हा साठवली की तारखा आपल्या सेटिंगप्रमाणे बदलतात. म्हणून पाठवायची फाइल बघायची असेल तर 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' निवडा, फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ यूटीएफ-८ ठेवा, डेटा टाइप ओळखू नका हा पर्याय द्या. डबल-क्लिक करून उघडलीच असेल तर 'सेव्ह'ला हात लावू नका.

संख्येच्या आत स्वल्पविराम नको. गट क्रमांक, खाते, आधार हे आकडे दिसले तरी मजकूर आहेत. त्यांची बेरीज कोणी करत नाही. क्षेत्राचा घोळ तर व्याकरणाने सुटणारच नाही. सातबाऱ्यावर १.०५.०० म्हणजे १ हेक्टर ५ आर. दोन टिंबे असल्याने संगणकाला ही संख्याच वाटत नाही, म्हणून कोणी ते १.५ असे लिहितो आणि घेणारा १ हेक्टर ५० आर वाचतो. फरक ४५ आरचा, एक एकराहून जास्त. यावर एकच उपाय: रकाना 'क्षेत्र_आर' ठेवा आणि १०५ लिहा. तसेच 'भाव' असे मोघम न लिहिता 'भाव_रु_प्रति_क्विंटल' लिहा. कापसाच्या रुईचा भाव ३५६ किलोच्या खंडीवर बोलला जातो आणि गाठ १७० किलोची असते, म्हणून एकक शीर्षकातच असलेले बरे.

रिकामी चौकट, '०', '-' आणि 'निरंक' हे चारही आज एकाच अर्थाने येतात. शून्य म्हणजे मोजले आणि काही नव्हते. रिकामे म्हणजे मोजलेच नाही. हवामान केंद्राच्या किमान तापमानाच्या रकान्यात न मिळालेल्या नोंदीसाठी ० पडला, तर रावेर-यावलमध्ये बर्फ पडायचे राहिले असे म्हणायची पाळी येईल. माहिती नसेल तर चौकट रिकामी, दुसरे काही नाही.

गावांची आणि तालुक्यांची नावे जुळवायच्या भानगडीत पडूच नये. अक्राणी आणि धडगाव, एदलाबाद आणि मुक्ताईनगर, शिंदखेडा आणि सिंदखेडा, शिवाय बुद्रुक, बु. आणि बी.के. नाव माणसासाठी ठेवा, जुळणी पंचायत राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतल्या क्रमांकावर करा. क्रमांक कुठल्या यादीतला, तेही लिहा. जळगाव जिल्ह्याचा जनगणनेतला क्रमांक २००१ मध्ये ०३ होता आणि २०११ मध्ये ४९९. पहिल्यातले शून्य गळले की उरतो नुसता ३.

एवढे सगळे एका पानात बसते. ते पान ठरवायला राज्याची किंवा दिल्लीची वाट बघायची गरज नाही. तिन्ही जिल्हा प्रशासनांनी, जिल्हा बँकांनी आणि बाजार समित्यांनी आपसांतल्या देवाणघेवाणीपुरते ते मान्य केले तरी पुष्कळ. टॅली, जीएसटी, टीडीएस आपापल्या जागी राहू देत. त्यांच्या फाइलींतून या पानाप्रमाणे रूपांतर करणारा आणि फाइल तपासणारा छोटा प्रोग्राम एकदा लिहून तिन्ही जिल्ह्यांत फुकट वाटावा. नुसते पान वाटून उपयोग नाही, तपासणारा प्रोग्रामही बरोबर हवा. कारण एकच नियम दोघे वेगळा वाचतात, आणि वाद झाला तर प्रोग्राम काय म्हणतो ते दोघांसमोर चालवून दाखवता येते.

या पानाला आवृत्तीचा क्रमांक द्यावा आणि तो फाइलच्या नावातच असावा. सीएसव्हीत आत लिहायला जागा नाही, आणि वर जादा ओळ घातली की शीर्षके हुकतात. रकाना वाढवायचा तर शेवटी वाढवावा, मध्ये घुसवू नये. आवृत्ती बदलली तर जुनी आणि नवी दोन्ही एक पूर्ण हंगाम स्वीकाराव्यात. केळीचा आणि कापसाचा हंगाम एकाच वेळी संपत नाही, तेव्हा ती तारीख प्रत्येक पिकासाठी वेगळी जाहीर करावी लागेल.

आपले,
बाजार समित्या व शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या माहितीचे संगणकीय काम करणारे काही जण,
जळगाव